एमएम ५४० ला घाटात ओढ नाही. टर्बो टाकू का?

पसरणीकर :
नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४० जीप, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, चार गिअर. वडिलांनी घेतलेली आहे आणि विकायची नाही, हे आधीच सांगतो म्हणजे "थार घेऊन टाक" हे प्रतिसाद वाचतील.

वाई-पाचगणी येणंजाणं कायम असतं. पसरणी घाटात चार माणसं आणि मागे थोडं सामान असलं की दुसऱ्यात पाय पूर्ण दाबूनही काटा तिशीपुढे सरकत नाही. तिसरा टाकला की लगेच पडते. मागून एसटीवाला हॉर्न मारून जीव खातो. मध्यंतरी ६.००-१६ काढून ३१ इंची टायर टाकलेत. काळा धूर आहे, पण मेकॅनिक म्हणतो पंपाचं डिझेल वाढवलंय म्हणून एवढी तरी ओढ आहे. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने जुना टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणारा पंखा) बसवून "शंभर एचपी करून देतो" असं सांगितलंय. इंजिनाला धोका न होता खरंच किती वाढवता येईल?

लो_रेंज :
टर्बो टाकच. एकदा शिट्टी ऐकलीस की मागे वळून बघणार नाहीस. फोटो टाक.

आबा_डिझेल :
लो_रेंज यांचा उत्साह बाजूला ठेवून आधी हिशेब करू.

चढ १० टक्के धर, गाडी माणसांसकट १६०० किलो धर. ४० च्या वेगाने चढायला चाकांवर साधारण २९ एचपी लागतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), क्राऊन (ॲक्सलमधला मोठा गिअर) यांत जाणारं पकडलं तर इंजिनातून ३६ च्या आसपास. ६० ने चढायचं म्हटलं तर ५७. तुझं इंजिन नवं होतं तेव्हा ६२ एचपीचं, तेही ४५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के गमावतं आणि पाचगणी तेराशे मीटरच्या घरात आहे, म्हणजे वर पोचेपर्यंत ५४ उरले. एसटीच्या पुढे राहायला ५४ पुरतात.

तिशीने चढायला लागतात पंचवीस-सव्वीस. दुसऱ्या गिअरमध्ये तिशीला इंजिन बावीस-चोवीसशेवर फिरत असणार, आणि तिथे निरोगी प्यूजो पस्तीसच्या जवळ देतं. म्हणजे पाव हिस्सा कुठेतरी जातोय. तो परत मिळवायला टर्बो लागत नाही.

सगळ्यात आधी हे कर, पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर तळाला दाबायला सांग. तू बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर बघ. तो फुल लोडच्या स्टॉपर स्क्रूला टेकतोय का? जुन्या जीपमध्ये केबल ताणलेली असते, पेडलखाली रबरी मॅट दुमडलेली असते, पिव्होट झिजलेला असतो. लिव्हर आणि स्टॉपर यांच्यात बोटभर फट राहते आणि मालक वर्षानुवर्षं "इंजिन थकलंय" म्हणत बसतो. हाताने लिव्हर ढकलून बघ, पुढे सरकला तर तेवढी पॉवर तू आजवर वापरलेलीच नाहीस.

मग एअर फिल्टर. ऑईल बाथ (हवा तेलावरून गाळणारा) असेल तर भांड्यातल्या खुणेपर्यंतच ऑईल. जास्त भरलं की हवा अडते, शिवाय ऑईल इंजिनात ओढलं जातं. मग डिझेलचा रस्ता: टाकीतली जाळी, फीड पंपाचा डायफ्राम, दोन्ही फिल्टर. मग चारही चाकं हाताने फिरवून बघ. ब्रेक शू घासत असेल तर ड्रम तापलेला लागेल. सायलेन्सर कार्बनने भरलाय का तेही. एवढं झाल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोज. चार सिलिंडरांत तीन-चार बारपेक्षा जास्त फरक आला तर पुढचं सगळं बोलणं थांबव आणि इंजिन खोल.

पंपवाला :
आबांना +१. फक्त काळ्या धुराबद्दल लिहितो, कारण माझं रोजचं पोट त्यावरच आहे.

"डिझेल वाढवलंय" म्हणजे पंपाचा फुल लोड स्क्रू आत घेतलाय. हवा तेवढीच, डिझेल जास्त. थोडं वाढवलं तर ओढ वाढते हे खरं. पण धूर दिसायला लागला त्याच्या पुढचं प्रत्येक थेंब डिझेल पॉवर कमी आणि उष्णता जास्त देतं. घाटात वर जाल तशी हवा विरळ होते, साधा रोटरी पंप मात्र खाली वाईत देतो तेवढंच डिझेल पाचगणीतही देत राहतो. म्हणून वरच्या वळणांवर धूर आणखी गडद.

या इंजिनात ही उष्णता कुठे जाते ते लक्षात घ्या. प्यूजोचं हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या स्वर्ल चेंबरमध्ये पेटतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, लायनर वेट, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात. तापलं की हेड वाकतं, व्हॉल्व्हच्या मध्ये तडा जातो, गॅस्केट उडतं. आमच्याकडे येणाऱ्या प्यूजोंमध्ये हेड प्लेन करून करून पातळ झालेले बरेच असतात. तुमचं हेड आधी किती वेळा प्लेन झालंय हे त्या टर्बोवाल्याने विचारलं का? नसेल विचारलं तर तिकडे जाऊ नका.

पंप आणि चारही नोझल (डिझेल फवारणारे) काढून लॅबच्या टेस्ट बेंचवर लावून घ्या. चारही लाईनींना सारखं डिझेल येतंय का, नोझल फवारतोय की थेंब टाकतोय, हे डोळ्यांनी बघा. लॅबमध्ये उभं राहू देत नसतील तर दुसरी लॅब गाठा. बसवताना टायमिंग (डिझेल कोणत्या क्षणी सुटतं ते) डायल गेज, म्हणजे बारीक माप दाखवणारा काटा, लावूनच करा. खुणेवर खूण जुळवून, नंतर कानाने ऐकून पंप फिरवणारे खूप आहेत. टायमिंग मागे पडलं की गाडी मऊ चालते, धूर मारते आणि तापते. पुढे गेलं की टकटक वाजते आणि "काय कडक झालीय" असं वाटतं. ते कडक वाटणंही इंजिनाला महागात पडतं.

आठ_त्रेचाळीस :
टायरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ६.००-१६ ची उंची २९ इंचांच्या आत-बाहेर. ३१ इंची टाकलेत म्हणजे चाक सात टक्के मोठं झालं, तेवढी ओढ प्रत्येक गिअरमध्ये कमी झाली. शिवाय ते रुंद आणि जड. काटाही आता कमी दाखवतोय, तुमचे तीस प्रत्यक्षात बत्तीस आहेत.

डिफरन्शियलचं रेशो (शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक होतो ते) बघा. एक चाक उचलून मोजत बसण्यापेक्षा कव्हर उघडलं की क्राऊनवर दातांचे आकडे खोदलेले सापडतील. ८-३९ म्हणजे ४.८८, ८-४३ म्हणजे ५.३८. तुमचं ८-३९ असेल तर ८-४३ टाकल्यावर चाकांवरची ओढ दहा टक्के वाढते. ३१ इंची टायर ठेवूनही तुम्ही मूळ गाडीच्या थोडं पुढेच जाल. इंजिनाच्या एका नटाला हात न लावता. बदल्यात हायवेला इंजिन जास्त ओरडेल. ऐंशीच्या पुढे तसंही या गाडीत बोलता येत नाही, त्यामुळे फार काही जात नाही.

एकच अट: पुढचं आणि मागचं दोन्ही बदलायचं. फक्त मागचं बदललं आणि चिखलात फोर बाय फोर टाकलं, की दोन ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघणार आणि मध्ये ट्रान्सफर केस भरडली जाणार. ८-३९ निघालं आणि खर्च नको असेल तर २३५/७५ आर १५ वर या, उंची जवळजवळ मूळ टायरएवढीच आहे.

पसरणीकर :
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. आबा, पेडलचं आज संध्याकाळीच बघतो. घाटात फोर बाय फोर टाकून लो मध्ये चढवली तर?

आबा_डिझेल :
डांबरावर नको. आपल्या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत ती घसरून फरक काढतात, डांबरावर सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. पसरणीत तर वळणंच वळणं.

लो_रेंज :
सगळे जण मला खलनायक ठरवणार असं दिसतंय 😄 पण टर्बोचा मुद्दा असा सोडू नका. टर्बो म्हणजे हवा जास्त. हवा जास्त म्हणजे धूर कमी, आणि उंचीवर पॉवर पडत नाही. घाटातल्या माणसाला दुसरं काय हवं? आणि प्यूजोने स्वतः याच घराण्याच्या इंजिनाला टर्बो लावलाच होता की.

आबा_डिझेल :
लावला होता, आणि त्याचे आकडेच बघण्यासारखे आहेत. १९७९ साली प्यूजो ६०४ मध्ये २३०४ सीसीच्या एक्सडी इंजिनाला टर्बो आला. बिनटर्बोचं तेच इंजिन ७० एचपीचं, टर्बोचं ८०. इंजिन ज्यांनी घडवलं ते नव्याकोऱ्या ब्लॉकवर दहाने वाढवून थांबले. पुढे २४९८ सीसीवर ते ९५ ला गेले. आणि इथे तीस-पस्तीस वर्षं जुन्या, त्याहून लहान २११२ ला गॅरेजमध्ये शंभर करणार. तोंडाने कुणीही शंभर करेल.

तरी तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. मोजून मापून केलेला छोटा टर्बो उंचीवर उपयोगी पडतो. ०.४ बारपर्यंत बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ठेवला, डिझेल धूर न येईल इतपतच वाढवलं, तर ६२ चे ७५-७८ होतील. त्यासाठी काय लागतं तेही ऐक. कॉम्प्रेशन सारखं हवं. हेड न वाकलेलं, लायनर ब्लॉकच्या वर मापात उभे, गॅस्केट चांगल्या दर्जाचं. टर्बोला ऑईलची स्वतंत्र लाईन आणि खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळातल्या ऑईलच्या भांड्यात) उतरणारी जाड रिटर्न लाईन, ती कुठेही वर चढता कामा नये. डॅशबोर्डवर बूस्टचा काटा, आणि त्याहून महत्त्वाचा एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा, टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये बसवलेला. घाटात लांब चढावर तो ७०० अंशांच्या खाली राहिला पाहिजे. वर गेला की पाय उचलायचा आणि खालचा गिअर टाकायचा. पाण्याचा काटा यात कामाचा नाही, पाणी तापल्याचं कळेपर्यंत पिस्टन वितळायला लागलेला असतो.

हा काटा न लावता टर्बो देणाऱ्याला मी माझ्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडू देणार नाही.

मिशिगनकर :
इथून जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवरून भर. आमच्याकडे ऑबर्न हिल्समध्ये महिंद्राने २०१८ पासून रॉक्सर काढली, दिसायला सख्खी जीप. २.५ लिटर टर्बो डिझेल, ६२ एचपी, सुरुवातीला ४५ मैलांवर बांधलेली. इथली पोरं लॅपटॉप लावून ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलतात आणि पॉवर वाढवतात. ते व्हिडिओ बघून भारतातले मित्र मला विचारतात, "माझ्या ५४० ला चिप पाठव." रॉक्सर कॉमन रेल आहे, तिच्यात डिझेल किती आणि कधी हे संगणक ठरवतो. ५४० च्या पंपात संगणकच नाही, चिप लावणार कुठे? कुणी विकत असेल तर तो फक्त एक दिवा विकतोय.

एफहेड :
थोडं अवांतर. माझी सीजे ३बी ही जुनी जीप आहे, हरिकेन पेट्रोल, २१९९ सीसी. यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. लोक मोठा कार्बोरेटर टाका म्हणतात. एक्झॉस्ट ब्लॉकमधून वळसे घेत बाहेर पडतो, तिथेच गळा आवळलेला आहे, वरून कितीही ओता. मी कार्बोरेटरचे जेट आणि डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स नीट करून घेतला आणि गप्प बसलो. सध्याची काळजी वेगळी आहे: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाईप आणि डायफ्राम फुगतात. पेट्रोल जीपवाल्यांनी ते आधी बदलून घ्या, पॉवर नंतर.

चोर्ला_घाट :
म्हापशाहून. एमएम ५४० च आहे, आणि माझं मत थोडं तिरकं आहे. घाट चढताना एसटी पुढे गेली तर गेली. उतरताना काय करता ते सांगा.

चोर्ल्यातून साखळीकडे उतरताना चारही ड्रम तापून पेडल स्पंजसारखं झालं, तेव्हापासून मी पॉवरचं नाव काढलेलं नाही. आधी ब्रेक. सिलिंडर आणि होज नवे, शू गोलाईत घासून बसवलेले, ब्रेक ऑईल ताजं. गोव्यात पावसाळ्यात ते पाणी ओढतं आणि उतारावर उकळतं. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, बूस्टर असेल तर तो व्हॅक्यूम पंपावर चालतो. तो पंप आणि त्याची होज कधी तपासलीय का? पुढे डिस्क टाकायच्या असतील तर पुढच्या ॲक्सलचे नकल, हब, मास्टर सिलिंडर सगळं एकमेकांशी जुळणारं हवं. अर्धवट जोडाजोड ड्रमपेक्षा वाईट.

आणि चासी. समुद्राकाठच्या गाड्यांना इंजिन माऊंटच्या कंसापाशी आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलाय तिथे चिरा जातात. ब्रशने माती काढून टॉर्च मारून बघा. पॉवर वाढवली की पहिला झटका तिथेच बसतो.

कागदपत्र :
आता न आवडणारा प्रतिसाद. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे तपशील आहेत आणि कंपनीने गाडी जशी बनवली त्यापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इंजिनच बदलायचा विचार असेल तर हात लावण्याआधी आरटीओकडे जा. इंजिन नंबर आरसीवर असतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना इन्स्पेक्टर तोच पुसून वाचतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर बाहेर आला की दावा अडकतो, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते. हरियाणातल्या मंडी दबवालीच्या जोडून बनवलेल्या जीप दिसायला झकास असतात, मलाही आवडतात. पैसे देण्याआधी आरसी, चासी नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी ताडून बघा.

धुराचंही तसंच. बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिजची (धुराच्या गडदपणाचं माप) मर्यादा आहे. पसरणीकरांच्या वर्णनावरून त्यांची गाडी ती ओलांडत असावी.

लो_रेंज :
बरं बाबा. मग कलम ५२ मध्ये बसणारं काय उरतं?

कागदपत्र :
टर्बो सोडून, आबांनी आणि पंपवाल्यांनी सांगितलेलं सगळं. गाडी मूळ स्थितीत आणणं हा बदल होत नाही.

पसरणीकर :
अपडेट देतो. पेडल दाबून बघितलं, लिव्हर स्टॉपरपासून चांगला करंगळीभर लांब होता. केबलचा बाहेरचा कंस वाकलेला निघाला. पंप आणि नोझल लॅबला दिले. दोन नोझल थेंब टाकत होते, आणि फुल लोड स्क्रू इतका आत होता की लॅबवाला हसला. डिझेल कमी करून पंप परत बसवला, टायमिंग डायल गेजने. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आलं, हा मोठा दिलासा.

डिझेल कमी करूनही घाटात आता तिसरा टिकतो. हॅरिसन फॉलीच्या अलीकडच्या चढावर दुसरा टाकावा लागतो, पण चाळीस सुटत नाही. धूर फक्त पाय झटकन दाबला तर. टर्बोवाल्याला नको म्हणून सांगितलं.

पाण्याचा काटा मात्र अजून थोडा वर जातो. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू.

पंपवाला :
काढू नका. थर्मोस्टॅट नसला की सकाळी इंजिन तासभर थंड चालतं, लायनर झिजतात आणि डिझेल जास्त खातं. नवा टाका. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या, जुन्या कोअरच्या निम्म्या नळ्या बंद असतात. फॅनभोवतीचा पत्र्याचा श्राऊड जागेवर आहे ना? हौसेने काढून ठेवतात लोक.

पसरणीकर :
श्राऊड नाहीये! गोठ्यात पडलाय बहुतेक, शोधतो. क्राऊन उघडला, ८-३९ च निघाला. टायर नवे आहेत, बदलवत नाहीत, त्यामुळे ८-४३ चे दोन सेट बघतोय. पुण्यात नाना पेठेत एकाकडे जुने आहेत म्हणतो. घेताना काय बघू?

आठ_त्रेचाळीस :
क्राऊन आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) कारखान्यात जोडीने घासलेले असतात, दोन्हींवर एकच जोड-क्रमांक खोदलेला असतो. तो जुळत नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, आयुष्यभर रडत राहील. दातांवर नख फिरवा, काठ तुटलेला किंवा पृष्ठभागाला खड्डे असतील तर सोडा. बेअरिंग, सील आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नवे घ्या. बसवणाऱ्याकडे दातांना रंग लावून स्पर्श कुठे पडतो ते बघायची सवय आहे का, हे आधी विचारा. पुढच्या ॲक्सलचा सेट घेताना तो पुढच्याच हाऊसिंगमध्ये बसतो याची खात्री करायला तुमचा जुना क्राऊन पिशवीत घालून सोबत न्या.